नोकऱ्यांचे बारा महिने

माझं भोसरीत भरतीचं ऑफिस आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांना कामगार आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांना ऑफिसात बसणारी माणसं शोधून द्यायची, हे काम. दर महिन्याला पेपरात भरतीचे आकडे येतात. अमुक क्षेत्रात वाढ, तमुकात घट. त्या दिवशी ओळखीपाळखीचे आईवडील हमखास फोन करतात, ‘मॅडम, मार्केट सुधारलंय म्हणे, आमच्या मुलाचं बघा ना आता.’ फोनवर त्यांना धड उत्तर देता येत नाही, कारण उत्तर लांबलचक आहे. ते इथे लिहिते.

१. नोकरीचं वर्ष पगारवाढीच्या पत्रापासून सुरू होतं. एप्रिलमध्ये कंपन्यांना नव्या वर्षाच्या जागा मंजूर होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाजार हलवतात ती आधीपासून नोकरीत असलेली माणसं. मार्च ते मे या दिवसांत पत्र हातात पडतं, वर्षाचा बोनस खात्यात जमा होतो, आणि ज्याला जायचं असतं तो त्यानंतरच पेपर टाकतो. आयटीत बहुतेक ठिकाणी नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. म्हणजे एप्रिलमध्ये पक्की झालेली नोकरी सुरू होते जुलै-ऑगस्टमध्ये. त्याच सुमारास कॉलेजातून आणि आयटीआयमधून बाहेर पडलेली मुलंही कामाला लागतात. २०२५ च्या जून आणि जुलैत भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीएफच्या, सभासदांत दर महिन्याला २० लाखांहून जास्त निव्वळ भर पडली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हाच आकडा साडेतेरा लाखांच्या आत होता. जुलैचा घसघशीत आकडा वाचून जो मुलगा तेव्हा अर्ज करायला घेतो, त्याला वाटतं सगळ्यांना नोकऱ्या मिळताहेत आणि आपल्यालाच कोणी बोलवत नाही. त्या जागा तीन महिन्यांपूर्वीच भरलेल्या असतात. बायोडाटा तयार ठेवायचा तो होळीच्या आधी.

२. दिवाळी महिना बदलते, आकड्यांचे महिने मात्र बदलत नाहीत. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर आलं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दिवाळीच्या आठवड्यात मुलाखती होत नाहीत, सही करणारा साहेब गावाला गेलेला असतो, ऑफिसांची भरती थंडावते. मग एका वर्षीच्या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरशी तुलना केली की ‘भरतीत घसरण’ असा मथळा तयार होतो. घसरण झालेली असेलही, पण त्यातली दिवाळीची किती आणि बाजाराची किती, हे ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरल्याशिवाय कळत नाही. मी तरी तसंच धरते.

कारखान्यांची दिवाळी याच्या बरोबर उलट. दसरा-दिवाळीला गाड्या खपतात, म्हणून त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बनवून ठेवाव्या लागतात. मोठी कंपनी लाइन वाढवते, तिला सुटे भाग देणारा चाकणचा छोटा कारखानदार तिसरी शिफ्ट लावतो, आणि आमच्याकडे ‘उद्या सकाळी पन्नास पोरं पाठवा’ असे फोन येतात. भिवंडीच्या गोदामांतही तेच दिवस धावपळीचे. भाऊबीजेनंतरचं चित्र बघून मात्र मी आधी चक्रावले होते. एकीकडे सणाचं काम संपलं म्हणून काही जणांना कमी केलेलं असतं, आणि दुसरीकडे जे हवे आहेत तेच गावाहून परतलेले नसतात. कायद्यानुसार किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, तो दिवाळीच्या तोंडावर. तो हातात पडेपर्यंत कोणी हलत नाही आणि पडला की ज्याने मनाशी ठरवलेलं असतं तो परत येत नाही. लातूर, नांदेड, यवतमाळच्या गाड्या पुण्यात रिकाम्या होत असतात, सुपरवायझर फोनवर नावं घेऊन विचारत असतो, आला का, निघाला का. त्या आठवड्यात मागणीही असते आणि बेकारीही असते, एकाच एमआयडीसीत, दोन गेटांवर. महिन्याच्या एका आकड्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींना पुसून टाकतात.

३. आपल्याकडच्या सगळ्यांत मोठ्या भरतींपैकी एक भरती कुठल्याच निर्देशांकात येत नाही. ती ऊसतोडीची, आणि होते पावसाळ्यात. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोचं मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणीकडची गावंच्या गावं सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या साखर कारखान्यांकडे, काही थेट कर्नाटकात, निघतात. परत येतात ती गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की, मार्च-एप्रिलमध्ये. लाखो माणसांचं हे काम, ना नेमणूकपत्र, ना संकेतस्थळावर जाहिरात. माझ्या धंद्याशी याचा काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. मग केज तालुक्यातल्या एका मुलाला नोव्हेंबरमध्ये रांजणगावात चांगलं काम मिळत होतं. फिटरचा आयटीआय, गुण उत्तम. तो म्हणाला, ‘मॅडम, आईबाबा कारखान्याला गेलेत. घरी आज्जी आन् दोन शेरडं. ते माघारी आले की दुसऱ्या दिवशी हजर होतो.’ कंपनीला माणूस नोव्हेंबरमध्येच हवा होता. तेव्हापासून मराठवाड्यातल्या मुलाला मी आधी विचारते, घरचे सध्या कुठे आहेत? त्यावरून तो कधी रुजू होऊ शकेल ते कळतं आणि कंपनीशी तारखेबद्दल आधीच बोलून ठेवता येतं. तो मुलगा एप्रिलमध्ये आला. तीच जागा नव्हती, पण जागा होती.

४. बेरोजगारीच्या आकड्यातला ‘काम करणारा’ आणि आपल्या घरातला ‘कामाला लागलेला’ हे दोघे वेगळे आहेत. केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून होतं आहे. २०२५ पासून त्याचे दर महिन्याचे आकडे यायला लागले, पहिला एप्रिल २०२५ चा, ५.१ टक्के. मेमध्ये ५.६. हे मासिक आकडे चालू आठवड्याच्या स्थितीवर काढतात: मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केलं असेल, तर तो माणूस रोजगारात धरला जातो. जगभर साधारण हीच रीत आहे आणि देशाची अर्थव्यवस्था मोजायला ती चालते. पण माझ्यासमोर बसलेला बी.कॉम. मुलगा, जो मामाच्या किराणा दुकानात संध्याकाळी पुड्या बांधतो, तो विचारल्यावर ‘घरीच असतो’ म्हणतो. सर्वेक्षणात तो रोजगारात असेल. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही. एप्रिलपेक्षा मेचा आकडा वाढला तेव्हा लोक घाबरले. पण तोवर रब्बीची कापणी उरकलेली असते, उन्हाने शेतातली नि उघड्यावरची कामं थांबलेली असतात. असा मे आमच्या आज्यांनाही माहीत होता.

५. पीएफचा आकडा खाती मोजतो. त्याच्या पोटात तीन ओळी असतात: नवे आलेले, बाहेर गेलेले आणि जाऊन परत आलेले. तिसरी ओळ वाचायची सवय मला लागली तेव्हापासून बातमीच्या मथळ्यापाशी मी थांबत नाही, कारण परत आलेल्यांची संख्या दर महिन्याला नव्यांपेक्षा बरीच मोठी असते. परत आलेला म्हणजे पुष्कळदा एका ठिकाणची नोकरी सोडून दुसरीकडे लागलेला. कधी तर तोही नाही: ठेकेदार बदलतो, मशीन तेच, शिफ्ट तीच, डबा ठेवायचा कोपरा तोच, आणि कागदावर माणूस बाहेर जाऊन परत आत येतो. शिवाय वीस कामगार झाले की कायदा लागू होतो. एकोणीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये विसावा आला की त्या महिन्यात वीस ‘नवे’ दिसू शकतात, त्यातले काही तिथे दहा वर्षं घाम गाळत असतात.

तरीही हा आकडा वाढला की मला मनापासून बरं वाटतं. त्या दहा वर्षंवाल्याचं नाव पहिल्यांदा कुठेतरी नोंदलं गेलं, त्याला पेन्शनचा हिशेब सुरू झाला, घरकर्जाला बँकेसमोर ठेवायला कागद मिळाला. कळकळीने सांगते, मुलाच्या पहिल्या नोकरीत पगाराचा आकडा विचारायच्या आधी पीएफ कापतात का आणि भरतात का, हे विचारा. आणि नोकरी सोडताना मोबाइलवर आपलं खातं उघडून जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली आहे ना, ते बघा. तो एक रकाना रिकामा राहिला म्हणून पैसे वळवायला महिनोन् महिने खेटे घालणारी मुलं माझ्या बाकावर बसलेली असतात.

६. एकच जागा वर्षातून दोनदा निघते, आणि दोन्ही वेळा ती ‘नवी संधी’ म्हणून मोजली जाते. आमच्या पट्ट्यात याला ‘ब्रेक’ म्हणतात. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं काही संरक्षण मिळायला लागतं, म्हणून सातव्या महिन्यात त्याला घरी बसवायचं. काम संपलेलं नसतं. त्याच्या मशीनवर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा उभा राहतो, आणि पहिला दोन गल्ल्या पलीकडच्या कंपनीच्या गेटवर रांगेत. सात महिने इथे, सात महिने तिथे, असं करत अठराव्या वर्षी आलेला मुलगा तिशीला टेकतो, आणि पगार दर खेपेला हेल्परपासून सुरू. हे मला मान्य नाही. मी अशा एका कंपनीच्या ऑर्डर घेणं थांबवलं. त्यांना दुसरा पुरवठादार त्याच आठवड्यात मिळाला, त्यामुळे माझ्या नकाराने काही बदललं असं म्हणवत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षांऐवजी एक वर्ष पुरेल, ही त्यातली चांगली तरतूद आहे. पण सात महिन्यांनी ब्रेक मिळणारा तिथवर पोचतच नाही. महिन्याला किती जागा निघाल्या हे जसं छापून येतं, तसं त्या जागांवरचा माणूस सरासरी किती दिवस टिकला हेही कोणीतरी छापायला हवं. कारखान्यांकडे हजेरीपट असतात, पीएफकडे आत-बाहेरच्या तारखा असतात. माहिती आहे, मांडायची इच्छा हवी.

आणि या मुलांना मी एक आवर्जून सांगते: प्रत्येक ठिकाणी कोणत्या मशीनवर काम केलं, कोणता कंट्रोलर होता, ते वहीत लिहून ठेव. अनुभवाचा दाखला कंत्राटदार देतो न देतो. पण ‘सीएनसी टर्निंग, तीन कंपन्यांत मिळून दोन वर्षं’ असं ज्याला मशीनची नावं घेऊन सांगता येतं, तो हेल्परच्या रांगेतून ऑपरेटरच्या रांगेत जाताना मी पाहिलेला आहे.

७. तेजीत मिळालेल्या पगाराला माणूस आपली किंमत समजतो, आणि मंदीत मिळालेल्या नकारालाही. २०२२ मध्ये आयटीतली मुलं हातात तीन-तीन ऑफर घेऊन फिरत. त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसमध्ये माणसं सोडून जाण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. मग परदेशी ग्राहकांनी खर्च आवरला. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात टीसीएसमधली माणसं १३,२४९ ने घटली आणि इन्फोसिसमधली जवळपास २६ हजारांनी. ही घट बहुतांशी सोडून गेलेल्यांच्या जागा न भरल्यामुळे झाली, आणि तिचा घाव बसला तो दारात उभ्या असलेल्यांवर. सांगलीकडचा एक इंजिनिअर मुलगा ऑफर लेटर घेऊन वाकडला तिघांत खोली करून राहत होता. रुजू होण्याची तारीख येईना. दर सोमवारी तो कंपनीला मेल करायचा आणि मला फोन करायचा. त्याच्या वर्गातल्या पहिल्या पाचांत होता तो; तरी त्या वर्षाच्या शेवटी तो आपल्याला काही येतच नाही असं बोलायला लागला. बाणेरच्या एका छोट्या कंपनीत त्याला ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी पगारावर घेतलं. ‘हातात कमी येतात, पण दर एक तारखेला येतात,’ म्हणाला. दोन महिन्यांत त्याचा आवाज बदललेला मी फोनवर ऐकला. मुलगा तोच होता, शिक्षण तेच होतं. म्हणून त्याच्या वयाच्या मुलांचे आईवडील समोर असले की मी आधी वर्ष सांगते आणि मग मुलाबद्दल बोलते.

८. बाईची नोकरी बसच्या थांब्यावर ठरते. वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स, पॅकिंग या कामांना कंपन्या आता मुद्दाम मुली मागतात. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचं श्रमबलातलं प्रमाण २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. मोठी वाढ आहे, पण त्यात घरच्या शेतात नि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ आहेत. पगारी कामाला लागलेली बाई टिकते की नाही हे फार छोट्या गोष्टींवर असतं. राजगुरुनगरकडच्या सात-आठ जणी एका कंपनीत मजेत होत्या. कंपनीने बसचा थांबा गावातून हायवेवर नेला, सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, आणि महिनाभरात त्यातल्या दोघीच उरल्या. कागदावर कारण ‘वैयक्तिक’. जूनमध्येही अशीच गळती लागते, शाळा सुरू होतात, मुलाला सोडणार कोण? आता मी ऑर्डर घेताना पगाराच्या आधी विचारते, बस कुठून सुटते, दारापासून किती अंतर, रस्त्यात दिवे आहेत का. काही एचआरवाले वैतागतात. काही जण नंतर स्वतःहून सांगायला लागले.

९. स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं बायोडाटात रिकामी दिसतात. पोलिस भरतीची मैदानी चाचणी असली की चाकणच्या लाइनींवर हजेरी उतरते, आणि राज्यसेवेचा निकाल लागला की पुढच्या पंधरवड्यात पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमधून मुलं माझ्याकडे येतात. राज्यसेवेला कमाल वय खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे ‘अजून एक वर्ष’ म्हणायला जागा राहते. आलेला मुलगा खुर्चीच्या टोकावर बसतो आणि मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर आधीच असतो: इतकी वर्षं काय केलं? मला थक्क केलं ते या मुलांच्या तयारीने. मुख्य परीक्षेपर्यंत गेलेल्याला कायद्याचं कलम वाचून समजतं, आकडे मांडता येतात, मराठीत आणि इंग्रजीत नीट पत्र लिहिता येतं. कारखान्यांत पीएफ, ईएसआय, कामगार कायद्यांची कागदपत्रं सांभाळायला अशीच माणसं लागतात आणि चटकन मिळत नाहीत. म्हणून मी ती वर्षं बायोडाटात दडवायला देत नाही, पहिल्याच ओळीत लिहायला लावते: मुख्य परीक्षा, अमुक वर्ष. काही कंपन्या अजूनही वयाकडे बघून फाइल बाजूला ठेवतात. तळेगाव आणि चाकणच्या काही मध्यम कारखान्यांनी मात्र अशी मुलं घेतली आणि पुन्हा मागितली. सुरुवातीचा पगार लहान असतो, पंचविशीतल्या मुलाला मिळतो तेवढाच, आणि तिशीत तो घ्यायला मुलगा तयार असला तरी घर तयार नसतं. तेव्हा वडिलांना एकदा ऑफिसात घेऊन ये म्हणते. बहुतेक वेळा ते रविवारी येतात, कारण सोमवारी त्यांनाही कामावर जायचं असतं.